अडेलचा पुढचा अल्बम खालच्या पट्टीत यावा, असं आणखी कुणाला वाटतं का?

चौथीच्या_बाई (गंगाखेड)

नमस्कार मंडळी. आज अठरावा दिवस, मी तोंडातून एक शब्द काढलेला नाही. त्यामुळं जे कुणाजवळ बोलले असते ते इथं लिहायलेय. थोडं लांबेल.

मी गंगाखेड तालुक्यात एका खेड्यातल्या जिल्हा परिषद शाळेवर आहे. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत, वर पत्रे. पाऊस सुरू झाला की पत्र्याच्या आवाजावर चढून पाढे म्हणून घ्यावे लागतात. बारा वर्षं असंच शिकवलं. यंदा श्रावणात आवाज बसला तो दिवाळीपर्यंत उठलाच नाही. परभणीला गाडी बदलून नांदेडला गेले. डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घालून पडद्यावर दाखवलं. दोन्ही स्वरतंतूंच्या कडेला, बरोबर समोरासमोर, एकेक बारीक गाठ. खुरपं धरून हाताला घट्टे पडतात ना, तसेच हे. ऑपरेशन सध्या नको, आधी मौन, मग आवाजाचे व्यायाम, असं म्हणाले.

परतीच्या गाडीत मला पहिल्यांदा अडेलच आठवली, ती इंग्लंडची गायिका. २०११ मध्ये मी डी.एड.ला होते. परभणीच्या वसतिगृहात माझ्या खोलीतल्या मैत्रिणीच्या मोबाईलमध्ये तिचा ‘२१’ हा अल्बम होता. इंग्रजी निम्मं कळायचं नाही, पण ‘समवन लाइक यू’ लागलं की आम्ही दोघी गप्प व्हायचो. नुसता पियानो आणि ती बाई. त्याच वर्षी तिचा आवाज गेला होता, हे मला फार नंतर कळलं. स्वरतंतूत रक्तस्राव झाला, अमेरिकेचा दौरा रद्द झाला, नोव्हेंबरमध्ये बोस्टनला ऑपरेशन झालं, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये ती ग्रॅमीच्या मंचावर परत गायली. त्या रात्री तिला सहा ग्रॅमी मिळाले. मी त्या सहांचा विचार करत नाही. मधल्या त्या गप्प बसलेल्या आठवड्यांचा करते. आता मला ते आठवडे कसे असतात ते ठाऊक झालंय.

बोलता येत नाही, पण पेटी वाजवता येते. शाळेची पेटी सुट्टीत घरी आणलीय. तिच्यावर अडेलची गाणी शोधत बसते. एक गोष्ट सापडली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. ‘२५’ अल्बमची सुरुवात ज्यानं झाली ते ‘हॅलो’ पांढरी चारमध्ये आहे, म्हणजे पेटीची चौथी पांढरी पट्टी सा धरून. सहा वर्षांनी ‘३०’च्या आधी आलेलं ‘ईझी ऑन मी’ पण पांढरी चारमध्येच. फक्त ‘हॅलो’मध्ये गंधार, धैवत, निषाद कोमल लागतात, आपल्या आसावरी थाटासारखे, आणि ‘ईझी ऑन मी’मध्ये सगळे शुद्ध. षड्ज तोच, घरही तेच, फक्त खिडकी उघडल्यावानी वाटतं. तिनं हे ठरवून केलं असेल असं मी म्हणत नाही. पण बोटांना ते कळलं तेव्हा अंगावर काटा आला.

आता मुद्द्याचं. जुलै २०२४ मध्ये तिनं सांगितलं की नव्या संगीताचा काहीच बेत नाही, मोठी विश्रांती हवी. नोव्हेंबरमध्ये लास वेगासचे कार्यक्रम संपले. तेव्हापासून चाहते एकच विचारायलेत, पुढचा अल्बम कधी. मला कधीचं काही नाही. ‘१९’ २००८ ला, ‘२१’ २०११ ला, ‘२५’ २०१५ ला, ‘३०’ २०२१ ला. ती वेळ घेणारीच आहे, घेऊ द्या. मला वाटतं ते वेगळंच आहे. पुढच्या अल्बममध्ये तिनं वर चढूच नये. सगळी गाणी खाली गावीत.

माझी आजी जात्यावर बसायची. गंगाखेड जनाबाईचं गाव, इथं ओवी घरोघर. आजी कुणाला ऐकवायला गायचीच नाही. आवाज छातीतून, जात्याच्या घरघरीच्याही खालून यायचा. शेजारच्या खोलीतून शब्द लागायचे नाहीत, पण ती आज दुखात आहे का बरी आहे ते कळायचं. ‘३०’मध्ये ते मुलासोबतचं बोलणं रेकॉर्ड करून घातलेलं गाणं आहे, ‘माय लिटल लव्ह’. त्यात ती जवळजवळ तशी गाते. स्टेडियमला ऐकवायला नाही, लेकराला समजावायला. मला तसा अख्खा अल्बम हवाय.

हे फक्त माझ्या घशात गाठी आहेत म्हणून वाटायलंय, का तुम्हालाही वाटतं?

लातूरकर_बॅच१६

बाई, आधी तब्येतीची काळजी घ्या. आता स्पष्टच लिहितो, मला अजिबात तसं वाटत नाही.

मी बारावीला लातूरला होतो, ट्यूशनसाठी, गाव औशाकडं. ‘२५’ नोव्हेंबर २०१५ मध्ये आला, पण पहिले सात महिने तो ऑनलाइन ऐकण्याच्या कुठल्याच सेवेवर नव्हता. मोबाईलच्या दुकानातून मेमरी कार्डात भरून आणला होता. ते वर्ष आठवतंय ना? लातूरला पाणीच नव्हतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. आम्ही खोलीवरची पोरं रात्री दोनला टँकरच्या रांगेत घागरी घेऊन उभी. घरी फोन केला की बाबा रानातलं काहीच सांगायचे नाहीत, फक्त विचारायचे, अभ्यास चाललाय ना. मी पण सांगायचो, चाललाय.

त्या रांगेत कानात ‘हॅलो’ असायचं. खालून, बोलल्यासारखं सुरू होतं, आणि धृपदाला ती एकदम वर जाते. मला बाबांना जे ओरडून सांगायचं होतं ते ती ओरडायची. ती तिथं वर गेली नसती तर मी ते वर्ष कसं काढलं असतं, ठाऊक नाही.

आणि ‘३०’मधलं ‘टू बी लव्ड’ ऐका. पियानो आणि ती, पावणेसात मिनिटांच्या आसपास. शेवटी शेवटी आवाज फाटतो आणि तिनं तो तसाच ठेवलाय, साफ केलेला नाही. ही बाई खाली गायला लागली तर ते कोण गाणार?

नांदेड_ईएनटी_ज्युनिअर

मी घशाच्या विभागात शिकाऊ डॉक्टर आहे, त्यामुळं दोन्ही बाजूंनी बोलतो.

बाई, तुमचं आणि अडेलचं दुखणं एक नाही, घाबरू नका. तिच्या तंतूतली रक्तवाहिनी फुटली होती. तुमच्या गाठी वर्षानुवर्षांच्या घर्षणानं आल्यात. साधं बोलताना बाईमाणसाचे स्वरतंतू सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा एकमेकांवर आपटतात. आवाज चढवला की आकडाही वाढतो आणि जोरही. अशा गाठी बऱ्याचदा विश्रांती आणि व्यायामानं कमी होतात, म्हणून तर तुम्हाला ऑपरेशन सांगितलं नाही. एकच विनंती, घरी कुजबुजत असाल तर तेही थांबवा. कुजबुज म्हणजे मौन नव्हे, तिनंही ताण पडतो. आणि खाकरून घसा साफ करू नका, घोटभर पाणी प्या.

आता अडेल. ऑपरेशननंतरही तिचा त्रास पुरता संपला नाही. २०१७ च्या उन्हाळ्यात लंडनच्या वेम्ब्लीत चार कार्यक्रम होते, दोन झाले आणि पुढचे दोन आवाजामुळं रद्द करावे लागले. २०२४ च्या मार्चमधले वेगासचे कार्यक्रमही आजारपणामुळं पुढं ढकलले, डॉक्टरांनी आवाजाला विश्रांती सांगितली होती. तरी वेगासचे शंभर कार्यक्रम तिनं पूर्ण केले, शिवाय ऑगस्टमध्ये म्युनिकला उघड्या मैदानात दहा. लातूरकर, तुमचं सगळं पटतं. पण ते वरचे सूर फुकट येत नाहीत, एवढं ध्यानात ठेवा.

टाळकरी_पूर्णा

राम कृष्ण हरी. बाई, मी वारकरी गायक आहे, पूर्णा तालुक्यात सप्ताह करतो. अडेल हे नाव मी आजपर्यंत ऐकलं नव्हतं. लेक तुमची चर्चा वाचत होती, तिनंच मला दाखवली आणि गाणी लावून दिली. चार ऐकली.

आमच्याकडं कीर्तनात पट्टी चढीच. माइक नव्हते त्या काळापासूनची ती रीत आहे, आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचला पाहिजे. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. पाचव्या दिवशी माझा आवाज बसायचाच. मी तरुणपणी तो बसला तरी रेटला. दोन वर्षं गेली त्यात. मग गुरुजींनी पेटी पुढं ओढली आणि सांगितलं, सहा महिने वर जायचं नाही. पहाटे नुसता खर्ज, म्हणजे अगदी खालच्या सुरांचा रियाज.

म्हणून तुम्हाला एक सांगावंसं वाटतं. खाली गाणं म्हणजे आराम, असं धरून चालू नका. वरच्या सुरात जोर लपतो, चूकही लपते. खाली काहीच लपत नाही. श्वास कमी पडला की लगेच कळतं. लेकीनं ते सिनेमातलं गाणं लावलं, ऑस्कर मिळालेलं, ‘स्कायफॉल’. त्याची सुरुवात ऐकून मी हातातलं काम ठेवलं. ती खाली आहे, पण सूर जमिनीला टेकत नाही, ओलाव्यासारखा वर येत राहतो. ही बाई खर्ज केलेली आहे, मग तिकडं त्याला काहीही म्हणोत.

लातूरच्या दादांचंही खरं आहे. आमचा अभंगसुद्धा खालून उचलून वर नेतो, तेव्हाच माणसं डुलतात. पण बाईंनी मागितलंय ते मला जास्त अवघड वाटतं. तिनं ते केलं तर मी लेकीला सांगून ऐकेन.

लातूरकर_बॅच१६

महाराज, तुम्ही लिहिल्यावर ‘स्कायफॉल’ परत लावलं. सुरुवातीचं कडवं मी आजवर नीट ऐकलंच नव्हतं, कायम धृपदाची वाट बघत बसायचो. माझं मत बदललेलं नाही. पण बाई, एक करा. ‘३०’ तुम्ही तुकड्यातुकड्यानं ऐकला असेल तर पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमानं ऐका. तो आला तेव्हा तिच्याच सांगण्यावरून स्पॉटिफायनं अल्बमच्या पानावरचं गाणी उलटसुलट लावणारं मुख्य बटण काढून टाकलं होतं. क्रम तिनं विचार करून लावलेला असतो.

चौथीच्या_बाई (गंगाखेड)

आज तेवीस दिवस झाले. डॉक्टर दादा, कुजबुज बंद केली. खरंच करत होते, नवऱ्याशी. आता पाटीवर लिहिते.

लातूरकर, काल रात्री गच्चीवर बसून ‘३०’ क्रमानं ऐकला. दोनदा उठावंसं वाटलं, उठले नाही. ‘माय लिटल लव्ह’मध्ये ती फोनवर रडत बोलते, एकटेपणाचं सांगते, आणि तो आवाज गाण्याचा नाहीच, घसा धरलेल्या बाईचा आहे. मग पुढं ‘होल्ड ऑन’मध्ये तिच्या मैत्रिणींचा कोरस येतो, ते इतक्या दिवसांत मला माहीतच नव्हतं की त्या तिच्या खऱ्या मैत्रिणी आहेत. आणि तुमचं ‘टू बी लव्ड’ त्याच्याही नंतर, शेवटून दुसरं. इतकं सगळं खाली, हळू बोलून झाल्यावर ती तिथं वर जाते. सुटं ऐकताना मला त्याचा त्रास व्हायचा, माझाच घसा ताणल्यासारखा वाटायचा. काल नाही झाला. तेवढं एक गाणं तुमच्यासाठी वर असू द्या. बाकीचं मागणं माझं आहे तसंच आहे.

महाराज, तुम्ही लिहिलेलं मी वहीत उतरवून घेतलंय. आजी खाली का गायची याचा मी कायम एकच अर्थ लावत आले, की तिला कुणी ऐकू नये म्हणून. ती पहाटे चारला दळायला बसायची. तिचा श्वास किती मोठा असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

सोमवारी नांदेडला दाखवायचंय. बोलायची परवानगी मिळाली तर व्यायाम कुठून सुरू करू? आमची शाळेची प्रार्थना काळी चारला असते.

टाळकरी_पूर्णा

डॉक्टर हो म्हणेपर्यंत पेटीला फक्त हात लावा, गळा नको. हो म्हणाले की काळी चारचाच सा धरा. त्याच्याखाली नी, ध, आणि मंद्र पंचमावर, म्हणजे खालच्या प वर, थांबा. त्याखाली ओढू नका. आवाज इतका हळू की शेजारी निजलेलं माणूस जागं होऊ नये. पहिले आठ दिवस पाच मिनिटं, जास्त नाही. प्रार्थना लेकरांना म्हणू द्या, तुम्ही पेटी धरा.