घरट्यातून पडलेलं पिल्लू आणि हाताने भरवणं: तुमचे अनुभव लिहा

उन्हाळा सुरू झाला की पार पावसाळा संपेपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या गॅलरीत पिल्लू सापडतंच, आणि मग घरात प्रत्येकाचा सल्ला वेगळा. ज्यांनी खरंच पिल्लं भरवलीत त्यांनी सविस्तर लिहा ना, काय दिलं, कसं दिलं, कशाने फरक पडला.

—

आमच्याकडे कॉकाटील (छोटे परदेशी पोपट) आहेत, आईने भरवणं सोडलं की पिल्लं मी घेते. हँड फीडिंगची तयार पावडर आणते आणि किचन थर्मामीटर लावते, ३९ ते ४१ सेल्सिअस, बोट बुडवून अंदाज अजिबात नको. जास्त गरम गेलं तर क्रॉप (गळ्याखालची अन्न साठवायची पिशवी) आतून भाजतो आणि बाहेर दिसायला काही दिवस जातात, गार गेलं तर अन्न तिथेच साचून आंबतं. मायक्रोवेव्ह नकोच, मध्येच एखादा भाग चटका बसण्याइतका गरम राहतो. सिरिंज पिल्लाच्या डाव्या बाजूने घालायची आणि टोक उजवीकडे ठेवायचं, कारण अन्ननलिका उजवीकडे असते. पिल्लू मान वरखाली करत घ्यायला लागलं तरच सोडायचं, ते थांबलं की आपणही थांबायचं. रात्रीतून क्रॉप एकदा पूर्ण रिकामा व्हायला हवा, सकाळी तो भरलेलाच दिसला तर पुढचं फीड न देता सरळ पक्ष्यांच्या डॉक्टरकडे.

—

होल्याचं आणि कबुतराचं पिल्लू आ करतच नाही, ते आईच्या तोंडात स्वतःची चोच खुपसून खातं. मी सिरिंजचं पुढचं टोक कापून कडा घासल्या, वर फुग्याचं रबर ताणून बारीक चीर दिली, पिल्लाने चोच आत घातली आणि गपागप सुरू! पिसं आल्यावर फ्रोझन मटार कोमट पाण्यात मऊ करून एकेक दाणा.

—

प्लीज कुणी ड्रॉपरने पाणी पाजू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं, थेंब थेट फुप्फुसात जातो. दूध-पाव पण नको, पक्ष्यांना दूध पचत नाही. आधी ऊब द्या, गार पडलेल्या पिल्लाला भरवलं तर पचतच नाही.

—

आमच्या जास्वंदीवरचं बुलबुलचं घरटं वळवाच्या पावसात पडलं. शेजारच्या काकू म्हणाल्या माणसाचा हात लागला, आता आई घेणार नाही. असं काही नसतं हो! छोट्या टोपलीला खाली भोकं पाडली, घरट्यातल्याच काड्या घातल्या, पिल्लं ठेवून त्याच फांदीला बांधली आणि आम्ही घरात जाऊन खिडकीतून बघत बसलो, थोड्या वेळात आईबाप दोघंही किडे घेऊन हजर. पिसं न आलेली उघडी पिल्लं दिवसभर दर वीस-तीस मिनिटांनी खातात, नोकरी करणाऱ्या माणसाला ते झेपणं फार अवघड आहे, म्हणून आईबाप असतील तर आधी हाच प्रयत्न करा.

—

पिसं आलेलं, आखूड शेपटीचं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू पडलेलं नसतं, उडायला शिकत असतं. मांजर-कुत्रं जवळ असेल तर झुडपात उंचावर ठेवा, एवढंच.

—

एक राहिलं, पोपटाचं पिल्लू कुणी विकत घेऊन वाढवू नका. आपले देशी पोपट, मुनिया १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, घरी पाळता येत नाहीत. बजी (छोटे रंगीत पोपट), कॉकाटील परदेशी म्हणून त्यांची गोष्ट वेगळी. जखमी सापडलं तर खोक्यात कापड घालून अंधारात ठेवा आणि महाराष्ट्रात असाल तर वनविभागाच्या १९२६ वर फोन करा.