आडवं केलेलं कपाट उभं होईना

(सोसायटीचा ग्रुप. नावांच्या जागी फ्लॅट नंबर.)

बी-३०४: नमस्कार मंडळी. बेडरूममध्ये भिंतभर कपाट आणि मुलीला अभ्यासाचं टेबल करून घ्यायचंय, आपल्या मापाचं. सुतार घरी बोलवावा की कारखान्यातून बनवून आणावं? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सांगा. नेटवरचा एक फोटो टाकतेय. असंच हवंय.

बी-३०४: [फोटो]

सी-२०१: भारीच! पण हँडल कुठे आहेत?

बी-३०४: नाहीयेत. दाराच्या कडेलाच खाच असते म्हणे.

सी-२०१: म्हणजे रोज बोटांचे ठसे पुसत बसायचं 😄

ए-१०२: ताई, फोटो छान आहे. पण फोटोत माप नसतं. आमचं काय झालं ते सांगतो, मग ठरवा. मागे कपाट केलं ते ८ फूट उंच, २ फूट खोल. फॉल्स सीलिंगमुळे छत ८ फूट २ इंचांवर आलेलं. सुताराने जमिनीवर आडवं ठेवून सगळं जोडलं, पाठीला प्लाय मारलं, आणि चौघांनी मिळून उचलायला घेतलं. अर्ध्यात अडकलं. मी म्हटलं, अहो, दोन इंच मोकळे आहेत की वर!

सी-२०१: मग अडकलं कशाला?

ए-१०२: उभं असताना मावतं, उभं होताना नाही. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची तिरकी लांबी ८ फूट ३ इंच भरते. एका इंचासाठी पाठ उचकटली, वरची फळी काढली आणि जागेवर उभ्यानेच परत जोडलं. स्क्रूची भोकं एकदा सैल पडली ती पडलीच. डावं दार आजही दोन सूत, म्हणजे पाव इंच, खाली आहे.

बी-३०४: बाप रे. मग करायचं कसं?

ए-१०२: वरचा माळा वेगळा, खालचं कपाट वेगळं, आणि पायाची चौकट वेगळी. तीन तुकडे. पायाची चौकट आधी लेव्हलला बसवून घ्यायची, मग त्यावर बाकीचं. आमच्या सुताराला हे माहीत नव्हतं असं नाही. एकसंध हवं म्हणून हट्ट आमचाच होता.

सी-४०२: सर्वांना विनंती, उद्या टाकी धुणार आहेत, सकाळी ९ ते १२ पाणी बंद.

डी-५०३: मी इंटिरियरचंच काम करते म्हणून बोलते. सुतार की कारखाना हा प्रश्न नंतरचा. कारखान्यात कापणी बिनचूक होते, कडेची पट्टी मशीनवर गरम गोंदाने बसते, ती हातापेक्षा नक्की बरी. पण तिथे दिलेलं माप म्हणजे दगडावरची रेघ. घरी आणल्यावर भिंत वाकडी निघाली तर फट झाकणाऱ्या फिलर पट्टीपलीकडे फारसं काही हातात राहत नाही. सुतार भिंतीशी जुळवून घेतो, त्या बदल्यात घरात महिनाभर भुसा आणि खटखट. माझ्या घरासाठी विचाराल तर कपाट कारखान्यातून घेईन आणि भिंतीला चिकटणारं, कोनाड्यात बसणारं काम सुताराकडून.

बी-७०१: सेक्रेटरी या नात्याने सांगतो. काम ठरलं की आधी अर्ज द्या. आणि ८ बाय ४ ची शीट आपल्या लिफ्टमध्ये जात नाही, कृपया घुसवून बघू नका. जिन्यानेच न्यायची, आणि कोपऱ्यांना पुठ्ठा लावून. मागच्या वेळी पहिल्या मजल्यापर्यंत रंग निघाला होता, निस्तरलं कोणी ते सगळ्यांना माहीत आहे.

ए-१०२: 🙏

सी-२०१: काका, तुम्हीच होय ते 😂

डी-५०३: बी-३०४ ताई, फोटो बाजूला ठेवा आणि आधी कपाटात जाणाऱ्या वस्तू मोजा. हँगर साधारण दीड फुटाचा, त्यावर कपडा चढला की वीस-बावीस इंच. म्हणून कपाटाची खोली २ फूट असते, कुणाच्या मनात आलं म्हणून नाही. तुमच्या फोटोत सरकती दारं आहेत. त्यांचे दोन ट्रॅक आतले तीन-चार इंच खातात. मग बाहेरून २६-२७ इंच करा, नाहीतर कपड्यांच्या बाह्या दारात अडकतील.

बी-३०४: अय्या, सरकतीला जागा कमी लागते असंच ऐकलं होतं!

डी-५०३: पुढची जागा वाचते, आतली जाते. शिवाय एका वेळी अर्धंच कपाट उघडतं. उघडणारी दारं केलीत तर आतल्या ड्रॉवरकडे लक्ष द्या. दार ९० अंशांत उघडलं तरी बिजागरीमुळे त्याची कड आतल्या बाजूला थोडी डोकावते. ड्रॉवर पूर्ण रुंदीचा केला की बाहेर येताना तिथेच आपटतो. बाजूला इंच-दीड इंचाची पट्टी देऊन ड्रॉवर आत घ्यायचा.

सी-२०१: हा! आमच्या ड्रॉवरच्या सनमायकाला बरोब्बर तिथेच ओरखडा आहे. दोन वर्षं मी मुलांवर ओरडतोय.

सी-२०१: आणि एक. आमचा एसीचा प्लग पॉइंट कपाटामागे गेला. नंतर पाठीला भोक पाडलं. ताई, आधी भिंतीवरचे बोर्ड बघून ठेवा.

डी-१०४: हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे

बी-६०२: मुलीच्या टेबलावर पुस्तकांची फळी असणार ना? किती लांब?

बी-३०४: पाच फूट म्हणतोय, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मधे आधार नको, दिसायला मोकळं राहील.

बी-६०२: आयुष्यभर बीमच मोजले, म्हणून राहवत नाही. लांबी दुप्पट केली आणि पुस्तकं तितक्याच दाटीने ठेवली, तर फळीचा बाक दुप्पट होत नाही, सोळापट होतो. अडीच फुटांत जो डोळ्याला दिसतही नाही, तो पाच फुटांत हसणाऱ्या ओठासारखा दिसेल. वजन कायम असलं की तो वर्षागणिक वाढतोही. जाडी दुप्पट केली तर बाक आठव्या हिश्श्यावर येतो, पण ३६ मिमीची फळी अंगावर येते. सोपा उपाय म्हणजे मधे एक उभी फळी. तीही नको असेल तर पुढच्या कडेला खालून दीड-दोन इंच रुंदीची लाकडी पट्टी उभी मारा. तेवढ्यानेही बराच ताठपणा येतो.

बी-३०४: काका, मधे उभी फळीच करते.

ए-१०२: टेबल किती उंच करताय?

बी-३०४: मुलगी ९ वर्षांची आहे. तिच्या मापाचं, २४-२५ इंच?

ए-१०२: नका हो. चार वर्षांत तिचे गुडघे वर लागतील. टेबल मोठ्यांचं करा, २९ इंच. खुर्ची वरखाली होणारी घ्या आणि पायाखाली एक पाट ठेवा. कोपर टेबलाच्या पातळीला आला की झालं. वाढायचं काम मुलीचं, टेबलाचं नाही.

डी-५०३: काका बरोबर आहेत. आता कंटाळवाणी गोष्ट सांगते, पण भांडणं नेमकी इथेच होतात. दर चौरस फुटावर ठरला की विचारा, चौरस फूट कुठला? कपाट समोरून जेवढं दिसतं तेवढी लांबी गुणिले उंची, की आतल्या सगळ्या फळ्या, पाठ आणि बाजू धरून? दुसऱ्या हिशेबात आकडा कितीतरी पटींनी फुगतो. दोघांकडून दर घेताना एक असा मोजतो, एक तसा, आणि आपण स्वस्त कोण ते ठरवून मोकळे. तसंच कागदावर ‘चांगलं प्लाय’ असं लिहून घेऊ नका. जाडी लिहा, ग्रेड लिहा. बाथरूमच्या भिंतीला पाठ लागत असेल तर तिथे बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारं प्लाय. दारांना सनमायका दोन्ही बाजूंनी. नुसतं बाहेरून लावलं की एक बाजू हवेतला ओलावा घेते, दुसरी घेत नाही, आणि दार पिळतं. आणि सात फुटी दाराला तीन बिजागऱ्यांत भागवू देऊ नका, चार तरी हव्याच.

सी-२०१: आणि पैसे?

डी-५०३: कामाच्या टप्प्यांप्रमाणे. माल आल्यावर, सांगाडे उभे राहिल्यावर, दारं लागल्यावर. शेवटचा हप्ता सगळं एकदा उघडून, मिटून, ड्रॉवर भरून बघितल्यावर. रिकामा ड्रॉवर कुठलाही छान सरकतो.

बी-७०१: हे वाक्य जिन्यात लावायला हवं.

ए-१०२: कपाट भिंतीला स्क्रूने अडकवायला विसरू नका. वरचे ड्रॉवर एकदम बाहेर काढले की सगळा भार पुढे येतो. घरात लहान मूल असेल तर हे आधी, सनमायकाचा रंग नंतर.

बी-३०४: सगळ्यांचे आभार 🙏 आता टेप घेऊन बसतो.

(रात्री ९.४०)

बी-३०४: मोजलं. मुलगी टेपचं एक टोक धरून, मी दुसरं. कोनाड्याची रुंदी खाली ९२ इंच, मधे ९१ इंच ३ सूत, वर पावणेएक्क्याण्णव. एकाच भिंतीत सव्वा इंचाचा फरक! आमचीच भिंत अशी आहे का?

बी-६०२: सगळ्यांचीच असते, कोणी मोजत नाही एवढंच. खालचं माप स्कर्टिंग धरून घेतलंत की वर?

बी-३०४: वर. टेप स्कर्टिंगवर टेकवलाच नाही.

बी-६०२: मग खाली दोन्हीकडचं स्कर्टिंग वजा करा. अर्धा-अर्धा इंच धरला तर ९१ उरतात. तरी वरचंच कमी आहे. कपाट सव्वानव्वद करा. उरलेली फट फिलर पट्टीने भरायची आणि ती पट्टी भिंतीच्या वाकडेपणाप्रमाणे रंध्याने उतरवून घ्यायची. हे काम मात्र सुताराचं, कारखान्याचं नाही.

डी-५०३: हेच म्हणत होते.

सी-२०१: मीही आत्ता मोजलं. आमची भिंत पावणेदोन इंच आत आहे. कपाट बसवून दोन वर्षं झाली, तेव्हा आता काही करता येणार नाही. सहज सांगितलं.

बी-३०४: 😄 काका, भिंत नेमकी कुठल्या बाजूला कललीय ते कसं कळेल? डावी की उजवी?

बी-६०२: ओळंबा सोडा. वरून दोरी, खाली वजन. दोरी आणि भिंत यांतलं अंतर वर आणि खाली मोजा.

बी-३०४: कोणाकडे आहे का ओळंबा?

ए-१०२: माझ्याकडे आहे. त्या वेळी घेतला होता, कपाट बसल्यावर. खाली वॉचमनकडे ठेवतो.