कार्बनच्या कुटुंबाची सुरुवात कार्बनपासूनच का?

शिकवणीच्या बाई, अशोक चौक:
अकरावीच्या मुलांना आवर्त सारणीतला गण १४ शिकवते, म्हणजे वरून खाली कार्बन, सिलिकॉन, जर्मेनियम, कथील, शिसे ही उभी ओळ. दरवर्षी तोच घोळ. कार्बनच्या बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन, म्हणून चार बंध, असं सांगितलं की मुलं तेच खालपर्यंत सगळ्यांना लावतात. परवाच्या चाचणीत अर्ध्या वर्गाने शिशाची +४ अवस्था, म्हणजे चारही इलेक्ट्रॉन बंधात वापरलेली, सर्वांत स्थिर लिहिली. खरी स्थिर +२. शिशाच्या बाहेरच्या चारांपैकी एस या उपकक्षेतले दोन इलेक्ट्रॉन बंधात सहजी उतरत नाहीत. माझं मत असं, की कथील आणि शिशापासून सुरुवात करावी. कार्बन शेवटी, अपवाद म्हणून.

जुळे सोलापूर:
बाई, साफ असहमत. कुटुंबात साम्य आहे म्हणूनच आवर्त सारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हने १८७१ मध्ये सिलिकॉनखालच्या रिकाम्या घराचा अणुभार ७२ सांगितला. जर्मन रसायनशास्त्रज्ञ विंकलरला १८८६ मध्ये जर्मेनियम सापडलं, भार जवळपास तेवढाच निघाला. आणि चार इलेक्ट्रॉन आधी सांगितलेच नाहीत, तर त्यातले दोन मागे राहतात हे मुलांना कसं कळणार?

शिकवणीच्या बाई:
साम्य नाकारत नाही, उतार सरळ नाही एवढंच म्हणते. वितळणबिंदू बघा: सिलिकॉन १४१४ अंश, जर्मेनियम ९३८, कथील २३२, आणि शिसे पुन्हा वर, ३२७. कार्बन ते सिलिकॉन तर कडाच. कार्बन ऑक्सिजनशी दुहेरी बंध करतो, म्हणून त्याचा डायऑक्साइड सुटे रेणू असलेला वायू. सिलिकॉनचा अणू मोठा, तसा दुहेरी बंध त्याला नीट जमत नाही. तो चार ऑक्सिजनना एकेरी बंधांनी धरतो, जाळं पसरत जातं आणि हाती येते वाळू! शृंखलाबंधनही, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या अणूंनी एकमेकांना धरून साखळी करणंही, तसंच. कार्बनच्या लांबच लांब साखळ्या, शिशापर्यंत येता येता ती ताकद जवळजवळ संपते.

कल्हईवाल्याची नात:
आमचे आजोबा लग्नसराईत पातेल्यांना कल्हई करायचे. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील फिरवून कापसाने पुसायचं. विकत घेताना ते कांडी कानाशी धरून वाकवायचे. चोख कथील करकरतं, शिसे करकरत नाही. शिशाची भेसळ असली तर चिंचेच्या आमटीत ते उतरतं आणि शिसे विषच. एकाच उभ्या ओळीतले शेजारी, पण एक ताटापर्यंत चालतो, दुसरा नाही. म्हणून मी बाईंच्या बाजूने. मात्र कार्बनला शेवटी ढकलू नका. भट्टीत कोळसाच असायचा, आणि खनिजातल्या ऑक्साइडमधून कथील सोडवतो तोही कोळसाच.

जुळे सोलापूर:
आजोबांची परीक्षा आवडली. पण घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी घ्या. एका पट्टीवर शिसे, दुसरीवर लेड डायऑक्साइड, म्हणजे +४. वीज देताना दोन्हीकडे लेड सल्फेट होतं, +२. शिशाची +२ कडची ओढ बॅटरीच्या जोरामागे आहे. हे समजायला +४ कुठून आलं ते आधी माहीत हवं. मी कार्बनपासूनच शिकवीन.

शिकवणीच्या बाई:
बॅटरीचं उदाहरण घेते, क्रम बदलत नाही. सोमवारी सकाळच्या तुकडीला खालून वर शिकवीन, संध्याकाळच्या तुकडीला वरून खाली, आणि दोघींना तोच शिशाचा प्रश्न घालीन. उत्तरं इथेच लिहीन. नातबाई, चोख कथिलाची एक कांडी मिळेल का? मुलांना करकर ऐकवायची आहे.

कल्हईवाल्याची नात:
आजोबांच्या पेटीत दोन आहेत. रविवारी आणून देते.