किल्टसाठी कापड: १३ औंस की १६?

अबर्डीनकर
ऑगस्टमध्ये इन्व्हरनेसला मित्राचं लग्न आहे. नवरदेवाच्या बाजूने मला किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा चुण्यांचा घागरा, घालून उभं राहायचंय. भाड्याने घेण्यापेक्षा स्वतःचाच शिवावा म्हणतोय. दुकानदार १०, १३, १६ औंस विचारतात, शिवाय पॉलिएस्टर-व्हिस्कोसही दाखवतात. उन्हाळा आहे, तर हलकं घेऊ? आणि कापड नेऊन पुण्यात शिवलं तर?

सुईदोरा (एडिंबरा)
दादा, हलकं घेऊ नका. मी इथे किल्ट शिवणाऱ्यांच्या हाताखाली काम करते, म्हणून आग्रहाने सांगतेय.

औंस म्हणजे दुहेरी पन्ह्याच्या एका यार्डाचं वजन. १६ औंसाच्या वर्स्टेड (विंचरून घट्ट कातलेल्या) लोकरीच्या चुण्या चालताना झुलतात आणि परत जागच्या जागी बसतात. १० औंसाच्या वाऱ्यावर उडतात. किल्टचं सगळं रूप मागच्या चुण्यांत असतं, तिथे कापडाला वजन हवंच. उकाड्याचं म्हणाल तर पाय उघडेच असतात, गरम होतं ते कंबरेला.

कापड उलगडून खालचा काठ बघा. चांगल्या किल्टला खाली दुमड नसते, विणताना आलेला घट्ट काठच खाली ठेवतात. पैठणीच्या काठासारखाच तो कापणं पाप! हा काठ नीट नसेल तर कितीही सुंदर टार्टन (रंगीत चौकड्यांचा नमुना) असो, मी ते बाजूला ठेवते.

मग चौकडीचा आकार मोजा. मागे चुण्या घातल्यावरही चौकडी अखंड दिसावी असं हवं असेल, तर मोठ्या चौकडीला कापड जास्त लागतं. ८ यार्ड म्हणतात ते एकेरी पन्ह्याचं. दुहेरी पन्ह्याचं ४ यार्ड घेऊन उभं मधून फाडतात आणि जोडतात.

पुण्यात कसबी शिंपी आहेत, पण चुण्यांची ही आखणी आणि हातशिलाई ज्याने कधी केली नाही, त्याच्या हाती इतकं महाग कापड देऊ नका.

क्लाइडकाठी
मी १३ औंसाचा वापरतो. रात्री केलीचे (स्कॉटिश लोकसंगीताच्या मैफलीतले) नाच असतील तर १३ बरा पडतो. पॉलिएस्टर-व्हिस्कोस घरी धुता येतं, मॅच बघायला जाताना ठीक.

अबर्डीनकर
मित्राच्या घराण्याचं टार्टन मी घातलं तर चालेल का?

सुईदोरा (एडिंबरा)
कायद्याची आडकाठी नाही. पण मित्राला विचारा, त्याला आनंदच होईल. नाहीतर ब्लॅक वॉच किंवा आयल ऑफ स्काय ही टार्टन कुणीही घालतं. एकच टार्टन 'मॉडर्न' रंगांत गडद आणि 'एन्शन्ट' रंगांत फिकं मिळतं, तेव्हा तुकडा दुकानाबाहेर उजेडात नेऊन बघा. क्लाइडकाठींचा मुद्दा बरोबर आहे: रात्रभर नाचणार असाल तर १३. पण वर्स्टेड लोकरच. आणि लग्न ऑगस्टमध्ये आहे तर माप आत्ताच द्या, हातशिलाईला आठवडे लागतात.