बोल्ट आवळताना गाडी चाकांवर हवी

रस्ते आणि ऊन गाडीचे बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांत बसवलेले रबरी तुकडे) खातात, असं म्हणतात ते खोटं नाही. सोलापूरची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरच्या डांबराच्या लाटा होतात. पण याच रस्त्यांवर माझ्या फोर बाय फोरचे कंपनीतून आलेले पुढचे बुश साठ हजार किलोमीटर चालले आणि नवीन टाकलेले आठ हजारांत गेले. रस्ता तोच होता की!

काढलेला बुश हातात घेऊन बघितला. रबर झिजलं नव्हतं, आतल्या नळीच्या कडेने अर्धगोल फाटलं होतं. लोअर आर्मच्या, म्हणजे चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या, बुशमध्ये हे रबर दोन लोखंडी नळ्यांच्या मधे चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी जाम होते, आणि चाक वर-खाली होताना रबरच पिळ खातं. आमच्या मिस्त्रीने गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असतानाच बोल्ट आवळले होते. गाडी खाली टेकली की रबर उभ्या जागी पिळलेलं, वर तुळजापूर घाटातले धक्के.

दुसऱ्या वेळी बोल्ट नुसते हाताने लावले, गाडी पीटवर (खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर) चाकांवर उभी केली, पुढून चार-पाच वेळा दाबली, मग टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने, आवळले. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) त्यानंतर. मिस्त्री कुरकुरला, "खाली वाकून पाना कोण फिरवणार?" पण आता तीस हजार झाले, आवाज नाही. रबराऐवजी पॉलियुरेथेनचे बुश टाकणाऱ्यांचं गणित वेगळं, त्यात नळी बहुधा मोकळी फिरते. तिथे ग्रीस विसरलात तर कुईकुई ऐका.