मदत हवी आहे: प्रो इव्होल्यूशन सॉकर ६ नव्या टीव्हीवर नीट चालवायचाय, आणि संघ २००६चेच ठेवावेत की बदलावेत?

नमस्कार मंडळी,

प्लेस्टेशन २ वरचा 'प्रो इव्होल्यूशन सॉकर ६' पुन्हा लावतोय. कोनामीचा २००६ सालचा गेम. मशीन, मूळ डिस्क, दोन पॅड आणि ८ एमबीचं मेमरी कार्ड, सगळं इंदुरातल्या आमच्या घराच्या माळ्यावर नीट बांधून ठेवलेलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून भाचा येतोय. तो मोबाइलवर ईफुटबॉल खेळतो, म्हणजे याच मालिकेचं २०२१पासूनचं फुकट मिळणारं रूप. त्याच्याबरोबर हा जुना गेम एका सोफ्यावर, एका टीव्हीवर खेळायचा आहे. अडचणी अशा:

टीव्हीला मागे पिवळी-लाल-पांढरी केबल लावायची सोयच नाही, फक्त एचडीएमआय. जेल रोडवरून एक छोटं अडॅप्टर आणलं. चित्र येतं, पण रंग भलतेच, खेळाडूंचे चेहरेसुद्धा हिरवट. शिवाय बटण दाबलं की खेळाडू जरासा उशिरा हलतो. दुसऱ्या एखाद्या गेममध्ये हे चालून गेलं असतं. इथे नाही, कारण इथे पाय कधी घालायचा यावरच बचाव उभा असतो.

डिस्क कधी लागते, कधी 'डिस्क रीड एरर' येतो. डिस्कवर ओरखडे नाहीत. एका दुरुस्तीवाल्याने मशीन न उघडताच परत दिलं, "भिया, अब इसका सामान नहीं आता" म्हणून.

आणि तिसरा प्रश्न मशीनचा नाही, संघांचा आहे. त्यासाठी आधी थोडं गेमबद्दल लिहितो, म्हणजे मला नेमकं काय सांभाळायचंय ते तुम्हाला कळेल. रंग हिरवट असतानाही मी बरेच सामने खेळून पाहिले आहेत.

सगळ्यात आधी चेंडू. तो पायाला चिकटलेला नाही. खेळाडू धावत असताना पॅडवरचं आर१ बटण दाबून वेग वाढवला की चेंडू पुढे सुटतो आणि त्या दोन पावलांत समोरचा तो काढून घेऊ शकतो. त्यामुळे नुसतं पळत सुटून गोल होत नाही. मध्यरक्षकाकडून मागे द्यायचा, बाजू बदलायची, वाट पाहायची, आणि मग त्रिकोण दाबून बचावाच्या मधून थ्रू पास, म्हणजे पुढे धावणाऱ्यासाठी मोकळ्या जागेत सोडलेला चेंडू. असा गोल झाला की तो आपण रचलेला असतो. शून्य-शून्य सुटलेला सामनासुद्धा इथे रंगतो, आणि हे मी फार कमी गेमबद्दल म्हणेन.

दुसरं म्हणजे माणसं वेगळी वाटतात. इंटरचा अ‍ॅड्रिआनो डाव्या पायाने लांबून मारतो तेव्हा गोली हलायच्या आत जाळं हलतं. आर्सेनलचा ऑन्री डावीकडून आत येतो. बार्सिलोनाचा रोनाल्डिन्यो दोघांच्या मधून वळतो. पाठीवरचा नंबर झाकला तरी चालीवरून ओळखू येतात. त्यात सामन्याआधी प्रत्येकाच्या नावापुढे तब्येतीचा बाण. लाल बाण वर असला तर साधा खेळाडूही चमकतो, बाण खाली झुकलेला असला तर मोठ्या नावालाही बाकावर बसवावं लागतं. एवढ्याशा बाणाने दर सामन्याला संघ निवडण्याचा खरा विचार करायला लावला.

आणि मास्टर लीग. कास्टोलो, मिनांडा, झिमेलेझ, गोलीत इव्हारोव्ह. जगात कुठेही नसलेले, कोनामीने रचलेले हे खेळाडू घेऊन खालच्या श्रेणीतून सुरुवात करायची. गुण जमवायचे, त्यातूनच नवीन माणसं घ्यायची आणि मोसमाच्या शेवटी त्यातूनच पगार द्यायचे. पगाराला गुण कमी पडले की खेळ खल्लास. या शेवटच्या नियमामुळे पहिल्या मोसमातला एकेक विजय मोलाचा होतो. मिनांडाने लांबून मारलेला गोल मला अजून आठवतो आणि तो माणूस अस्तित्वातच नाही! भाच्याला मला मुख्यतः हे दाखवायचंय. तो कार्डं उघडून आयते तारे मिळवतो. रडतखडत संघ उभा करण्यातली गोडी त्याने चाखलेली नाही.

आता उणिवा, त्याही खऱ्या आहेत. गोली सरळ हातात आलेले फटके पकडायचे सोडून समोर ढकलतात आणि पुढे उभा असलेला कुणीही टोलवून गोल करतो. एल१ धरून दिलेल्या एक-दोन पासवर कुठलाही बचाव फुटतो. दोघेजण खेळताना एकाने तेच धरलं की सामन्याची मजा जाते. अवघड पातळीवर संगणक सुटे चेंडू फारच सहज मिळवतो. खेळाडू आठच दिशांना वळतात, आणि आजच्या गेमवरून आलेल्याला ते पहिल्या मिनिटालाच बोचेल. पीटर ब्रॅकली आणि ट्रेव्हर ब्रुकिंग यांचं समालोचन चांगलं आहे, पण तीच वाक्यं पुन्हा पुन्हा येतात.

परवान्यांचा, म्हणजे क्लबांची खरी नावं वापरायच्या परवानगीचा, प्रश्न तर होताच. इंग्लंडचे आर्सेनल आणि मँचेस्टर युनायटेड एवढेच खऱ्या नावाने आहेत. लिव्हरपूल म्हणजे 'मर्सीसाइड रेड', चेल्सी म्हणजे 'लंडन एफसी'. जर्मन लीग त्या वर्षी हातची गेली, एकटं बायर्न म्युनिक उरलं. भारताचा संघ नाही. महूसारखं फुटबॉलवेडं गाव शेजारी असलेल्या आम्हा लोकांना ते तेव्हाही लागलं होतं.

तर तिसरा प्रश्न असा. जालावर याच गेमसाठी लोकांनी बनवलेल्या आजच्या संघांच्या फाइली मिळतात, त्यात आत्ताचे खेळाडू, आत्ताचे पोशाख सगळं असतं. भाच्याला ओळखीची नावं दिसली तर तो रमेल असं एक मन म्हणतं. दुसरं म्हणतं, २००६चा मेस्सी पोरसवदा आहे, क्रिस्टियानो रोनाल्डो मँचेस्टर युनायटेडमध्ये आहे, ब्राझीलचा काका मिलानमध्ये आहे, तर तेच बघू दे त्याला. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. पण ज्यांनी घरातल्या मुलांबरोबर हे करून पाहिलंय त्यांचा अनुभव हवा आहे.

इंदुरात प्लेस्टेशन २ची डिस्क वाचणारी लेन्स मनापासून बघणारं कुणी माहीत असेल तर तेही सांगा. आपलं गाव क्रिकेटचं, होळकर संघाने चार वेळा रणजी जिंकली ते गाव, पण जुन्या गेमची पार्लरंही इथे पुष्कळ होती. कुणाकडे तरी हे ज्ञान असेलच.

प्रतिसाद १ (बडोदेकर)

रंगांचं पाच मिनिटांचं काम आहे. डिस्क काढून मशीन सुरू करा म्हणजे त्याचा स्वतःचा मेन्यू येईल. तिथे सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये 'कॉम्पोनंट व्हिडिओ आउट' असेल. ते आरजीबीवर असलं तर दुसऱ्या, म्हणजे वाय-पीबी-पीआरच्या पर्यायावर न्या. ही अडॅप्टरं तोच सिग्नल धरून चालतात.

उशिराचा दोष बराचसा टीव्हीचा आहे. नवीन टीव्ही जुनं चित्र मोठं आणि गुळगुळीत करण्यात वेळ घालवतो. चित्राच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' शोधा, त्याने फरक जाणवण्याइतका पडतो. पूर्ण जाणार नाही. तो पूर्ण घालवायचा असेल तर जुना डब्यासारखा टीव्हीच लागतो. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात एक अजून आहे आणि पेस (प्रो इव्होल्यूशन सॉकरचंच छोटं नाव) त्यावरच खेळतो. तिथे बटण आणि पाय यांत अंतर जाणवतच नाही.

प्रतिसाद २ (मध्यरक्षक)

लेन्सबद्दल: मशीन कुणाकडे देण्याआधी ती फक्त पुसून पाहा. वरचं झाकण उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओला केलेला कापसाचा बोळा हलक्या हाताने फिरवा, वाळू द्या. लेन्स ज्या दांड्यांवर सरकते त्यांवरची धूळही काढा. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं. बाजूला लेझरची ताकद कमी-जास्त करणारा बारीक स्क्रू असतो. काही दुरुस्तीवाले थेट तोच फिरवतात, डिस्क महिनाभर छान चालते आणि मग लेझर बसतो. त्याला हात लावू देऊ नका.

दुसरा मार्गही सांगून ठेवतो. प्लेस्टेशन २ची डीव्हीडी संगणकाच्या साध्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये वाचली जाते. तिची प्रत करून पीसीएसएक्स२ या फुकट प्रोग्रॅमवर चालवता येते. त्याला बायोस, म्हणजे प्लेस्टेशन सुरू करणारा आतला मूळ प्रोग्रॅम लागतो, तो तुमच्याच मशीनमधून काढा. चित्र बरंच तीक्ष्ण दिसतं. माझं मत विचाराल तर मशीन जिवंत आहे तोवर मशीनच.

प्रतिसाद ३ (इंदूर_रामबाग)

संघांबद्दल बोलतो, मुलाबरोबर दोन्ही करून पाहिलंय. नवे संघ टाकले तेव्हा तो पहिल्या दिवशी खूश झाला, मग म्हणाला, बाबा, हे मोबाइलसारखंच आहे पण चेहरे वाईट. खरंच होतं ते. शिवाय त्या फाइलींमधले आकडे कुणीतरी हौसेने भरलेले असतात, सगळेच वेगवान आणि सगळेच ताकदवान. तुम्ही लिहिलंय ना की माणसं चालीवरून ओळखू येतात, तेच निघून जातं. कोनामीने भरलेल्या आकड्यांत हळू पण अचूक, उंच पण जड अशी माणसं होती. त्यांच्यामुळेच सामना घडतो.

मात्र खोटी नावं काढा. एडिटमध्ये जाऊन संघाचं नाव, पोशाख, बिल्ला हाताने बदलता येतो. हे काम भाच्यालाच द्या. माझ्या मुलाने लिव्हरपूलचा बिल्ला ठिपके ठिपके जोडून काढला आणि त्यानंतर तो संघ त्याने सोडलाच नाही. मास्टर लीगमध्ये मात्र कास्टोलोपासूनच सुरू करा, आयता संघ देऊ नका.

तुम्ही लोकमान्य नगर, सुदामा नगर असे जवळ कुठे असाल तर निरोप टाका. माझ्याकडचा जाड टीव्ही सुट्टीपुरता घेऊन जा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. बडोदेकर, पर्याय बदलल्याबरोबर गवत गवताच्या रंगाचं झालं. गेम मोडने उशीरही कमी झाला, पण लांबच्या पासला अजून जाणवतो. रामबागवाले भाऊ, तुम्हाला निरोप टाकतो आहे, टीव्ही नक्की नेईन. लेन्स उद्या पुसतो.

संघांचं ठरलं: २००६चेच, नावं दुरुस्त करून, आणि बिल्ले भाचा काढेल.

एकच राहिलं. तो पहिल्यांदा खेळणार, मी समोरून खेळलो तर त्याचे पहिले सामने नुसते हरण्यात जातील. मुद्दाम हरणं मला पटत नाही आणि त्याला ते लगेच कळेल. काय करावं?

प्रतिसाद ४ (मध्यरक्षक)

समोरून खेळूच नका. सामन्याआधी पॅड निवडायचा पडदा येतो तिथे दोन्ही पॅड एकाच बाजूला सरकवा आणि दोघे मिळून संगणकाविरुद्ध खेळा. तुम्ही मागून चेंडू काढून द्या, पुढचं त्याला करू दे. पातळी मधली ठेवा आणि सामना दहा मिनिटांचा. पाच मिनिटांत चेंडू फिरवायला वेळच मिळत नाही आणि सगळे धावत सुटतात. आठ दिशांची सवय त्याला एका दुपारी होईल.