पावसाच्या थेंबात खरंच पूर्ण आंतरिक परावर्तन होतं का?

दिंडोरीरोड_बारावी:
क्लासच्या नोट्समध्ये लिहिलंय, की इंद्रधनुष्य तयार होताना थेंबाच्या आत पूर्ण आंतरिक परावर्तन होतं, म्हणजे सगळा प्रकाश आतच परततो. मी आपतन कोन (किरण आणि पृष्ठभागावरचा लंब यांच्यातला) 59 अंश धरून गणित केलं, तर आतला कोन 40 च येतोय. पाण्याचा क्रांतिक कोन, म्हणजे ज्याच्या पुढे सगळा प्रकाश आतच परततो तो, 48.6. मग 'पूर्ण' कसं? आणि इंद्रधनुष्याचे ते प्रसिद्ध 42 अंश येतात कुठून?

सातपूर_एक्सप्रेस:
भावा, नोट्समध्ये आहे तेच लिही. मार्क मिळतात.

निवृत्त_मास्तर_पंचवटी:
मार्कांचं नंतर बघू. गणित बरोबर आहे, नोट्स चुकल्यात.

कागदावर वर्तुळ काढ. किरण जिथे शिरतो आणि मागच्या भिंतीला जिथे लागतो, ते दोन्ही बिंदू केंद्राला जोड. दोन त्रिज्या सारख्या, म्हणजे समद्विभुज त्रिकोण. आत शिरताना वळलेल्या किरणाचा कोन (अपवर्तन कोन) तोच भिंतीवरचा आपतन कोन. तो जास्तीत जास्त 48.6 पर्यंत जाईल, तेही किरण थेंबाला नुसता घासून आला तर. क्रांतिक कोन ओलांडणं गोल थेंबात शक्यच नाही. तुझ्या किरणाचा शंभरातला पाच-सहा भाग प्रकाश मागून परततो, बाकीचा सरळ पलीकडे निघून जातो. परीक्षेत 'आंतरिक परावर्तन' एवढंच लिही. 'पूर्ण' गाळलंस म्हणून कोणी शहाणा परीक्षक मार्क कापणार नाही.

आता 42. एकूण विचलन, म्हणजे किरण मूळ दिशेपासून किती वळला ते = 180 + 2i − 4r. i आपतन कोन, r अपवर्तन कोन. i ला 50 दे, 139.7 येईल. 55 ला 138.3, 60 ला 137.9, 65 ला 138.7, 70 ला 140.7. बघ, 55 ते 65 पर्यंतचे सगळे किरण 138 च्या आसपासच घुटमळतात, म्हणून तिथे प्रकाश दाटतो. 180 मधून 138 गेले, 42 उरले; सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेपासून कमान एवढ्या अंशांवर दिसते. फ्रेंच तत्त्वज्ञ-गणिती देकार्तने 1637 मध्ये छापलं ते हेच, एकेक किरण घेऊन हाताने केलेलं. पोरं सूत्र पाठ करतात, तक्ता करत नाहीत, हे माझं जुनं दुखणं! लाल 42 ला, जांभळा 40 च्या जवळ, म्हणून लाल बाहेरच्या कडेला.

यावरून आणखी एक निघतं. सूर्य 42 अंशांच्या वर असेल तर कमान क्षितिजाखाली जाते. श्रावणात आपल्याकडे नाशकात दुपारी चारच्या आधी आकाशात शोधू नकोस. नंतर दिसलं तर नाशिकरोड-आडगावच्या अंगाला, म्हणजे पूर्वेकडे, सकाळी दिसलं तर त्र्यंबकच्या बाजूला, पश्चिमेकडे.

गोदाकाठ:
सर, सोमेश्वरच्या धबधब्यावर मी भर दुपारी पाहिलंय की!

निवृत्त_मास्तर_पंचवटी:
तिथे तुषार तुमच्या नजरेच्या खाली होते ना? मग चालतं. क्षितिजाची अट आभाळातल्या पावसाला.

दिंडोरीरोड_बारावी:
कळलं सर. तक्ता केला, 138 च आलं. हे प्रत्यक्ष तपासता येईल का?

निवृत्त_मास्तर_पंचवटी:
येईल. पोलरॉइड गॉगल घालून कमानीचा माथा बघ, जवळजवळ नाहीसा होईल. मान आडवी केलीस की परत उजळेल. आतला 40 अंशांचा कोन ब्रूस्टर कोनाच्या (ज्या कोनावर परतलेला प्रकाश पूर्ण ध्रुवीभूत होतो, त्याच्या), म्हणजे 36.9 च्या जवळ पडतो, त्यामुळे परतलेला प्रकाश जवळपास पूर्ण ध्रुवीभूत, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा असतो. पूर्ण आंतरिक परावर्तन असतं, तर हे झालंच नसतं. साधा काळा गॉगल मात्र चालणार नाही, दुकानात विचारून घे.